माळ्यावरचा पैलवान

नृसिंह दत्तोपंत सबनीस हे नाव नुसतं ऐकलं, तर खांब फोडून कुणीतरी डरकाळत बाहेर येईल असं वाटायचं. यायचा तो मात्र एक काडीपैलवान, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, शिंक आली तरी आधी शेजारच्याकडे बघून मग शिंकणारा भला माणूस.

१९६६ ची दिवाळी सरली आणि हा भला माणूस भुदरगड तालुक्यातल्या आंबेटेक नावाच्या गावाहून एसटीनं कोल्हापूरला उतरला. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यात कनिष्ठ कारकून म्हणून नेमणूक झाल्याचा कागद. वडील शाळामास्तर होते, ते चार वर्षांपूर्वी गेले. मागं आई कालिंदीबाई आणि शाळेत शिकणारी बहीण लीला. पगारातला मोठा हिस्सा दर महिन्याला मनिऑर्डरनं गावाकडे जायचा, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. उरलेल्यात नृसिंहानं कोल्हापुरात राहायचं, खायचं आणि कचेरीत स्वच्छ शर्ट घालून बसायचं होतं.

कोल्हापूर म्हणजे काही मुंबई नव्हे, असं आंबेटेकात बसून म्हणणं सोपं होतं. पेठेत खोल्या बघायला लागल्यावर त्याला कळलं की जिन्याखालच्या कोपऱ्यालाही लोक खोली म्हणतात आणि तिचं भाडं सांगताना त्यांची मान खाली जात नाही. पहिले आठ दिवस तो ओळखीच्या एकाच्या ओसरीवर झोपला. नवव्या दिवशी ओळखीच्याची बायको दारातून म्हणाली, "अजून खोली न्हाय मिळाली व्हय?" नृसिंहानं वळकटी बांधली.

वाट दाखवली ती शेजारच्या टेबलावरच्या अण्णासोनं. अण्णासो शिवाजी पेठेत जन्मलेला. तो कानात सांगायची गोष्टही कचेरीभर ऐकू जाईल अशी सांगत असे. "आमच्या डाव्या मारुतीच्या तालमीवर माळा मोकळा हाय," तो म्हणाला, "ऐसपैस जागा हाय. पर खाली वस्ताद हाय."

तालमीतल्या मारुतीचं तोंड डावीकडं वळलेलं, म्हणून तिचं नाव डावा मारुती तालीम. आणि वस्ताद म्हणजे जोतीराम. साठीचा माणूस, दोन्ही कान कुस्तीत फुटलेले, मिशा मात्र तिशीच्या. त्यानं नृसिंहाला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं.

"काय करतोस?"

"जिल्हा परिषदेत कारकून आहे."

"लिवाय-वाचाय येतं?"

"येतं."

"कुदळ माराय?"

"शिकेन," तो म्हणाला. मग घाबरत घाबरत त्यानं विचारलं, "भाडं किती पडेल?"

"ही तालीम हाय, चाळ न्हवं," जोतीराम म्हणाला. "हितं भाडं घेत न्हाईत. हितं माती हाय."

म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी पहाटे समजलं. तालमीच्या मधोमध कुस्तीचा हौदा असतो, तांबड्या मातीनं भरलेला. रोजच्या रोज अंगं आपटून ती माती दगडासारखी बसते. ती पहाटे कुदळीनं खणायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला तर वेचायचा, आठवड्यातून एकदा तीत ताक, लिंबू, हळद, तेल मिसळायचं आणि मग फळी ओढून सगळा हौदा पाटासारखा सपाट करायचा. पैलवान हे काम पाळीपाळीनं करत. नृसिंहाला पाळी नव्हती. त्याचं रोजचंच. शिवाय वस्तादाला अक्षरओळख नसल्यामुळे तालमीला आलेला प्रत्येक कागद वाचून दाखवायचा आणि उत्तर लिहायचं, हेही त्याच्याच गळ्यात.

तालमीची एक रीत तेवढी फार जुनी होती. मैदानात कुस्ती खेळून आलेल्या पैलवानानं दुसऱ्या दिवशी कुदळीला हात लावायचा नाही. त्यानं झोपायचं, त्याच्या वाटची माती इतरांनी खणायची. जत्रांच्या दिवसांत तर निम्मी तालीम झोपलेली असे आणि नृसिंह एकटा खणत असे. कडेनं घोरण्याचे आवाज, मधे कुदळीचे.

पहिल्या आठवड्यात त्याचे तळहात सोलवटून निघाले. कचेरीत टाक धरता येईना. अण्णासोनं हळद लावून चिंध्या बांधल्या आणि साहेबाला ऐकू जाईल असं विचारलं, "रडतोस काय रं?" नृसिंह रडत नव्हता. तो हिशोब करत होता, की एवढ्यावर भागत असेल तर स्वस्तच आहे.

आणि खरंच भागलं. कमी पैशात मोठ्या गावात राहणं ही एक विद्या आहे आणि तिचा अभ्यासक्रम नृसिंहानं सहा महिन्यांत पुरा केला. अंघोळ तालमीच्या आडावर. शर्ट दोन, धुतलेला शर्ट घडी घालून वळकटीखाली ठेवला की सकाळी इस्त्री केल्यासारखा. दुपारचं जेवण बनाबाईंच्या खाणावळीत. तिथं भात मोजून मिळे, पण आमटी किती घ्यायची याला बंधन नव्हतं, म्हणून नृसिंह आमटीत भात खात असे. संध्याकाळी चिरमुरे आणि शेंगदाणे खिशात टाकून रंकाळ्याला फेरी, म्हणजे जेवण आणि करमणूक एकदम. आठवड्यातून एकदा गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतलेलं फेसाळ दूध. वर्तमानपत्र वाचनालयात. फुटबॉलची मॅच मैदानाशेजारच्या वडाच्या फांदीवरून, जिथं पेठेतले निम्मे सभ्य लोक भेटत. रविवारी न्हावी तालमीत यायचा आणि सगळ्या पैलवानांच्या डोक्यावरून एका दमात यंत्र फिरवायचा. त्या रांगेत नृसिंहही बसे. फुकटची हजामत सोडायची कशाला. सगळ्यांसारखं त्याचंही डोकं चकोट झालं.

चूक झाली ती या काटकसरीतूनच.

तालमीनं एका उत्सवासाठी पोस्टाची कार्डं घेऊन त्यांवर छापून घेतलं होतं. वर मारुती, खाली एकमेकांना भिडलेले दोन पैलवान आणि मजकूर. छापखान्यानं तिथी चुकीची छापली. दोनशे कार्डांचा गठ्ठा माळ्यावर पडून होता. नृसिंहानं वस्तादाला विचारून तो ताब्यात घेतला. पोस्टाचं तिकीट छापलेलंच, मग घरच्या पत्रासाठी नवं कार्ड घ्यायचं कारणच काय? छापील मजकुरावर तो रेघ मारायचा आणि पैलवानांच्या पायाखाली उरलेल्या चार बोटं जागेत गावाकडची खुशाली लिहायचा. जागा थोडी, म्हणून वाक्यं आखूड. "ती. आईस सा. न. मी तालमीतच राहतो. रोज पहाटे आखाड्यात उतरतो. आता अंग दुखत नाही. वस्ताद खूश आहेत. दूध पितो. काळजी नसावी."

एक अक्षर खोटं नव्हतं.

आंबेटेकचा पोस्टमन गणपती हा कर्तव्यदक्ष माणूस होता. उघडं कार्ड वाचल्याशिवाय ते कुणाचं आहे हे कसं कळणार, असा त्याचा रास्त सवाल असे. मास्तरांच्या घरची कार्डं तो आधी पारावर मोठ्यानं वाचायचा आणि चित्र सगळ्यांना फिरवून दाखवायचा. पहिल्या कार्डाला सगळा पार हसला. पाचव्या कार्डाला गप्प झाला. दहाव्या कार्डापर्यंत गावाचं ठरून गेलं होतं, की मास्तरांचा नृसिंह कोल्हापुरात पैलवान झाला.

पुढच्या दिवाळीला तो घरी गेला तेव्हा हा गैरसमज फिटायला हवा होता. उलट तो पक्का झाला. चकोट डोकं, धोतराला न निघणारे तांबडे डाग. जो भेटेल तो दंड चाचपून बघायचा आणि मान डोलवायचा. आपण उपाशी राहतो की काय याची गावाला काळजी वाटते, असं नृसिंहाला वाटलं. त्याचं मन भरून आलं आणि त्यानं प्रत्येकाला दोन्ही दंड चाचपू दिले.

१९६८ चा फाल्गुन चालू होता. एका सकाळी टपालात तालमीच्या नावानं गुलाबी कागदाचं पत्रक आलं. वस्ताद पायरीवर बसून मिशांना तेल लावत होता. नृसिंहानं नेहमीप्रमाणे वाचायला सुरुवात केली.

"श्री भैरोबाच्या यात्रेनिमित्त मौजे आंबेटेक येथे कुस्त्यांचे जंगी मैदान." त्याला बरं वाटलं. "आमच्या गावचं आहे, वस्ताद."

"वाच."

"पहिल्या नंबरची कुस्ती..." त्यानं ती वाचली. "दुसऱ्या नंबरची कुस्ती..." आणि तो थांबला.

"का रं? अक्षर लागंना व्हय?"

"पुढं पाणी सांडलंय, वस्ताद."

जोतीरामानं हात पुढे करून कागद घेतला. वाचता येत नसलं तरी पाणी त्याला ओळखता येत होतं. "कोरडा ठणठणीत हाय," तो म्हणाला. "वाच गुमान."

नृसिंहानं कागद परत घेतला. "दुसऱ्या नंबरची कुस्ती. गावचे सुपुत्र पैलवान नृसिंह सबनीस, डावा मारुती तालीम, कोल्हापूर, विरुद्ध पैलवान गुंडू, मौजे पाळ्याचा हुडा."

तालमीत जोर काढणारे पैलवान हवेतच थांबले. मग जो हशा झाला त्यानं मारुतीसमोरची पणती विझली म्हणतात. जोतीराम एकटा हसला नाही.

"मी आजच पंचांना कळवतो," नृसिंह घाईघाईनं म्हणाला. "गैरसमज झालाय म्हणून लिहितो."

"काय लिवणार? डाव्या मारुतीचा पैलवान भ्याला म्हणून?"

"पण मी पैलवान नाहीच की, वस्ताद."

"ते तुला ठावं, मला ठावं. कागुद काय म्हंतोय? तालमीचं नाव छापलंय न्हवं?" जोतीरामानं कागदाची घडी घातली आणि मारुतीच्या पायाशी ठेवली. "ऐक कारकून. नाव छापून आल्यावर ह्या तालमीचा माणूस मैदानाला गेला न्हाय, असं माझ्या हयातीत झाल्यालं न्हाय. तू उतरायचं. न्हाय गेलास तर वळकटी उचल. आन् जाऊन पाठ टेकलीस तरी वळकटी उचल. तालमीचं नाव मातीत घालून तालमीत झोपता येत न्हाय."

कारकून, हीच वस्तादाची हाक होती. दीड वर्षात त्यानं नृसिंहाला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नव्हती.

त्या संध्याकाळी नृसिंह आणि अण्णासो पुन्हा खोल्या बघत फिरले. जिन्याखालचा तो कोपरा अजून रिकामा होता आणि भाडं वाढलं होतं. तेवढं भाडं भरायचं तर गावाकडची मनिऑर्डर निम्मी करावी लागली असती. लीला दहावीत होती, पुढच्या साली अकरावी, म्हणजे मॅट्रिक. मनिऑर्डर निम्मी झाली तर आई काही बोलणार नव्हती, फक्त लीलाचं तालुक्याच्या गावचं शिक्षण थांबणार होतं. नृसिंह कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. त्याला कुस्तीची भीती वाटत होती, हाडांची वाटत होती, पण त्या जिन्याची सगळ्यांत जास्त वाटली.

"उतरतो," तो म्हणाला.

"मरशील की लेका," अण्णासो म्हणाला, आणि या वेळी मात्र खरंच हळू आवाजात.

दुसऱ्या पहाटे वस्तादानं त्याला लंगोट लावून हौद्यात उभं केलं आणि बाजारात बैल बघावा तसा त्याच्याभोवती फिरला. छातीकडे बघून त्यानं सुस्कारा सोडला. मांड्यांकडे बघितलंच नाही. मग दंड, मनगटं आणि पाठ दाबली आणि भुवया वर केल्या. दीड वर्ष रोज कुदळ मारून त्या काडीला कमरेच्या वर दोरखंडासारखा पीळ आला होता. ढगळ शर्टामुळे हे कुणाला दिसलं नव्हतं, खुद्द नृसिंहालाही नाही.

"दुसऱ्याला पाडाय शिकवायचं तर मला दोन वर्सं लागतील," जोतीराम म्हणाला. "पर न पडाय शिकाय दीड म्हैना पुरं. पालथा हो."

नृसिंह मातीत पालथा पडला.

"बोटं मातीत रुतव. कोपरं पसर. हनुवटी छातीत घाल. आता ही माती सोडायची न्हाय. वर कुणी बसू दे, मानगूट धरू दे, पाय वडू दे. पाठ खाली लागली तर पडलास, न्हाईतर न्हाय. एवढीच कुस्ती हाय तुझी."

त्या दीड महिन्यात डाव्या मारुतीच्या प्रत्येक पैलवानानं नृसिंहाच्या पाठीवर बसून घेतलं. त्याला उलथायचा खेळच सुरू झाला. पहिले दिवस तो पोळीसारखा उलटायचा. मग पोळी तव्याला चिकटायला लागली. पैलवान आपल्या थंडाईतला वाटा त्याला द्यायला लागले. बनाबाईंनी एक दिवस न विचारता भाताचा दुसरा डाव वाढला आणि म्हणाल्या, "खा बाबा, मेलास तर माझ्या खानावळीचं नाव निघंल." कचेरीत मात्र त्याला खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरावं लागे. साहेबांनी मूळव्याधीवरचं एक औषध प्रेमानं सुचवलं.

यात्रेच्या आदल्या दिवशी वस्ताद, अण्णासो आणि नृसिंह आंबेटेकला पोचले. घरात पाऊल टाकताच कालिंदीबाईंनी त्याचे हात हातात घेतले आणि तळवे उलटे करून पाहिले.

"हे घट्टे कुदळीचे आहेत," त्या म्हणाल्या. "जोर मारून इथं घट्टे पडत नाहीत. तू तिथं माती खणतोस ना?"

नृसिंहानं मान खाली घातली. आईपुढं त्याला कधी लपवता आलं नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं, माळा, हौदा, कार्डं, जिन्याखालचा कोपरा.

"तुझे वडील पाटी पुसायलासुद्धा पोरांना सांगायचे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले आणि हसूही आलं. "खोली घे बाबा. आम्ही थोडक्यात भागवू."

"लीलाचं मॅट्रिक होऊ दे आधी."

"आणि उद्या पडलास तर?"

"नाही पडत," नृसिंह म्हणाला. आपण एवढं ठामपणे बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

सकाळी तो मैदान बघायला गेला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हौदा गावकऱ्यांनी वरवर उकरून ठेवला होता. वर चार बोटं भुसभुशीत, खाली टणक, मध्ये खडे. कुस्ती राहिली बाजूला. अशी माती त्याला बघवेना. त्यानं शर्ट काढला, कुणाची तरी कुदळ घेतली आणि खणायला लागला. ढेकळं फोडली, खडे वेचले, ताक मागवलं, तेल मागवलं. एका कोपऱ्यात मात्र खालचा मुरूम निघेना, कुदळीचा ठणठण आवाज यायला लागला, तेव्हा त्यानं तेवढा तसाच ठेवून वर माती पसरली. फळी ओढून झाली तोवर भोवती अर्धा गाव जमला होता.

"बघा," गणपती पोस्टमन लोकांना सांगत होता, "खरा पैलवान सोताची माती सोता करतो."

ही बातमी गुंडूच्या कानावर गेली. गुंडू शेजारच्या गावचा, नृसिंहाच्या दुप्पट, आजवर जत्रांतून फेटेच फेटे मिळवलेला. पण कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाशी त्याची ही पहिलीच जोड होती. दुपारी हलगी कडाडली, दोघे हौद्यात उतरले आणि सलामी देताना गुंडू वाकून हळूच म्हणाला, "पावणं, जरा सांभाळून घ्या. औंदा माझं लगीन हाय."

नृसिंहाला वाटलं, हा आपली थट्टा करतो. त्याला भीतीनं बोलताच येईना. गुंडूला वाटलं, कोल्हापूरचा गडी लई आतल्या गाठीचा हाय. पहिली दहा मिनिटं दोघे एकमेकांभोवती नुसते फिरले. हात पुढे, हात मागे. प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरलेला, आणि चार हजार लोक श्वास रोखून या दोन घाबरलेल्यांकडे बघत होते. चष्मा काढून ठेवल्यामुळे नृसिंहाला गुंडूच्या जागी एक मोठा तपकिरी ढग दिसत होता.

अखेर ढग अंगावर आला. नृसिंहाला शिकवलेली एकच गोष्ट आठवली आणि तो सरळ मातीत पालथा पडला. धक्क्यानं सरकत सरकत तो जिथं थांबला, तिथं त्याची बोटं चार बोटं मऊ मातीतून खाली गेली आणि मुरुमाला लागली. कोपरा त्यानं ओळखला. सकाळी त्यानंच तर तो सोडला होता. मुरुमाच्या कडेत बोटं रुतली आणि त्यानं हनुवटी छातीत घातली.

गुंडू क्षणभर बाजूला उभा राहिला, यात काय डाव आहे ते बघत. डाव नाही हे कळल्यावर तो जो बसला तो खराखुरा पैलवान म्हणून बसला. त्यानं मानेवर कोपर रगडलं. घिस्सा डाव मारून बघितला. पाय उचलून अंगावरून टाकायला बघितलं. नृसिंहाच्या तोंडात माती, नाकात माती, कानात हलगी. कमरेतून कळ आली तशी त्याला जिन्याखालची ती कळकट भिंत दिसली आणि त्यानं बोटं आणखी आत घातली. एकदा खांदा सुटला, अंग निम्मं उलटलं, सगळं मैदान उभं राहिलं. पाठ आणि माती यांत वीतभर अंतर उरलं. तेवढ्यात दीड वर्षाची कुदळ त्याच्या दंडात कुठून तरी जागी झाली आणि तो पुन्हा धप्पदिशी पालथा झाला.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. ऊन उतरलं, पहिल्या नंबरची कुस्ती अजून व्हायची होती. पंचांनी गुंडूच्या पाठीवर थाप मारली आणि कुस्ती बरोबरीत सोडवली.

नृसिंहाला कुणीतरी सुलटा करून बसवला. समोर गुंडू मांडी घालून धापा टाकत होता. "माणूस हाईस का घोरपड?" तो म्हणाला, आणि त्यानंच नृसिंहाचा हात धरून वर केला. दोघांना फेटे बांधले, नारळ दिले. नृसिंहाच्या डोक्यावर फेटा कानांपर्यंत खाली आला. शाळेच्या ओट्यावर बायकांच्या घोळक्यात कालिंदीबाई उभ्या होत्या. चष्म्याशिवाय त्याला त्या दिसल्या नाहीत, पण लीलानं मारलेली शिट्टी त्यानं ओळखली.

परतीच्या एसटीत अण्णासोनं ती कुस्ती तीन वेळा सांगितली, एकदा कंडक्टरला, एकदा पुढच्या सीटवरच्यांना आणि एकदा नृसिंहालाच. वस्ताद खिडकीतून बाहेर बघत राहिला. बरोबरी म्हणजे त्याच्या लेखी काय, हे विचारायचं धाडस नृसिंहाला झालं नाही. तालमीत पोचल्यावर तो माळ्यावर चढला आणि वळकटी पुरती न सोडता तिच्यावर आडवा झाला.

जाग आली तेव्हा झरोक्यातून ऊन आत आलं होतं. पहाट होऊन गेली होती आणि माती खणायची राहिली होती. तो कण्हत, कठड्याला धरत, एकेक पायरी खाली उतरला.

हौद्यात जोतीराम उभा होता. धोतराचा काचा मारलेला, मिशांवर घाम, हातात कुदळ. निम्मी माती खणून झाली होती. बाकीचे पैलवान मागं ढेकळं फोडत होते.

"वस्ताद, ते माझं काम आहे," नृसिंह म्हणाला आणि त्यानं कुदळीकडे हात केला.

जोतीरामानं कुदळ मागं घेतली. "रीत ठावं न्हाय व्हय तुला? मैदानास्नं आल्याला गडी दुसऱ्या दिशी कुदळीला हात लावत न्हाय." त्यानं मानेनं माळ्याकडे खूण केली. "जा पैलवान. झोप."

नृसिंह पुढं आणखी सहा वर्षं त्या माळ्यावर राहिला. लीला मॅट्रिक झाली, डी.एड. झाली आणि गारगोटीला मास्तरीण झाली, तेव्हा कुठं त्यानं लग्न केलं आणि तालमीच्या मागच्याच गल्लीत खोली घेतली. तो पुन्हा कुस्ती खेळला नाही, आणि घरच्या पत्रांसाठी त्यानं कोरी कार्डं विकत घ्यायला सुरुवात केली. त्या सकाळी मात्र तो जिना चढून वर गेला. वळकटी नीट पसरली, आडवा झाला आणि खालून येणारे कुदळीचे ठोके ऐकत राहिला. दीड वर्ष त्यानं दुसऱ्यांच्या झोपेसाठी माती खणली होती. आज त्याच्यासाठी कुणी खणत होतं, आणि तेही वस्ताद. त्याचे डोळे वाहायला लागले. ते पुसायला हात वर जाईना, इतका तो दुखत होता. मग कधीतरी त्याला गाढ झोप लागली.

त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या हजेरीपुस्तकात सबनीस या नावापुढं पहिल्यांदाच उशिराची लाल रेघ पडली.